कपाळ मोकळे ठेवून श्राद्धास बसण्याबाबत

चेन्नै
दिनांक : १४ जुलै २०२५

प्रति,
मा. श्री. श्रीवत्सराव,
मानद कार्यवाह,
तंजावरी माध्व महाराष्ट्र सेवा सभा,
वेस्ट मांबलम, चेन्नै.

विषय : कपाळास गोपीचंदन, अंगार व अक्षत यांपैकी काहीही न लावता वडिलांच्या वर्षश्राद्धास सभेच्या सभागृहात बसण्याची परवानगी मिळणेबाबत, तसेच त्यामागील कारणाचा खुलासा.

संदर्भ : द्वादशीच्या पारण्याचे तीर्थ देण्याच्या कामातून अर्जदारास "विश्रांती" देणारे सभेचे पत्र.

अर्जदार : टी. व्ही. राघोत्तमराव, आजीव सभासद.

महोदय,

१. अर्जदार हा सभेचा जुना सभासद असून इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात भांडारपाल म्हणून उमेद घालवून निवृत्त झालेला आहे. त्याचे वडील कै. वेंकटराव, ज्यांना सारी सभा अप्पा म्हणत असे, ते गेल्या श्रावणात वारले. त्यांचे वर्षश्राद्ध येत्या श्रावण शुद्ध दशमीस सभेच्या आतल्या सभागृहात व्हावयाचे आहे. सभागृह मिळाले आहे, भटजी ठरले आहेत, केळीची पाने सांगून ठेवली आहेत. अडचण फक्त अर्जदाराच्या कपाळाची आहे.

२. सभेच्या नियमाप्रमाणे कपाळी गोपीचंदनाची उभी रेघ असल्याखेरीज कोणी आतल्या सभागृहात बसू नये. नियम योग्य आहे. अर्जदाराने स्वतः तो नियम दाखवून कित्येकांना दारातून परत पाठवलेले आहे आणि त्यांपैकी काहींची तोंडे त्यास या दिवसांत फार आठवतात. त्याच नियमातून एका दिवसापुरती सूट मिळावी अशी त्याची प्रार्थना आहे. दंड, छाती व पोट येथे तो गोपीचंदनाच्या मुद्रा रीतसर लावील. कपाळ मात्र डॉक्टरांच्या सांगण्यावरून कोरे राहील.

३. सभेचा आणखी एक दंडक असा की अर्ज मराठीतच यावा आणि समितीपुढे मोठ्याने वाचला जावा. आपली मुलेबाळे तमिळ आणि इंग्रजीतच भांडतात, तेव्हा निदान अर्ज तरी मराठीत राहोत, हा त्यामागचा हेतू अर्जदारास मान्य आहे. परंतु समितीत देवनागरी अस्खलित वाचणाऱ्या एकट्या श्रीमती वसंताबाई आहेत. त्या सोवळ्याच्या स्वयंपाकघराच्या प्रमुख असून अर्जदाराच्या थोरल्या भगिनी आहेत, आणि अप्पांच्या दहाव्या दिवसापासून त्या अर्जदाराशी बोलत नाहीत. वर्षश्राद्धास त्या येणार नाहीत असा निरोप त्यांनी धाडला आहे. सबब हा अर्ज वसंताबाईंकडून वाचवून घेऊ नये अशी विनंती आहे. जे पुढे लिहिले आहे ते धाकट्या भावाविषयी त्यांना चारचौघांत आपल्या तोंडाने उच्चारावे लागावे, हे अर्जदारास सोसवणार नाही. आपण स्वतः अक्षर जुळवून जुळवून वाचता हे ठाऊक असल्याने अक्षर मोठे काढले आहे.

४. पुण्याहून बदली होऊन आलेले दोन नवे सभासद समितीवर आहेत, त्यांच्या माहितीसाठी थोडे लिहितो, म्हणजे अर्जदार लिहितो. आमच्याकडे अक्षत म्हणजे लग्नात डोक्यावर टाकायचे तांदूळ नव्हेत. हळद आणि चुना खलून केलेला तांबडा गंध म्हणजे अक्षत. गोपीचंदनाच्या रेघेवर अंगाराची, म्हणजे धुपाच्या कोळशाची, काळी रेघ ओढतात आणि तिच्या टोकाशी, भुवयांच्या मध्यावर, या अक्षतेचा तांबडा ठिपका देतात. देवपूजा आटोपून माणूस जेवला की तो ठिपका कपाळी दिसतो. एकादशीला उपास, म्हणून ठिपका नाही. घरात सुतक असले तरी ठिपका नाही. थोडक्यात, ठिपका दिसला की हा जेवला, असे आमच्यात लांबूनच कळते.

५. आता मूळ दुखणे. कारखान्यात होता तोवर अर्जदार घाईघाईत नुसती गोपीचंदनाची रेघ ओढून कंपनीची बस पकडत असे. निवृत्तीनंतर हाती वेळ आला, सभेने द्वादशीचे तीर्थ देण्याचे काम सोपवले, आणि अर्जदार रोज आरशापुढे उभा राहून साग्रसंगीत सजू लागला. खोटे कशाला बोला, त्यास ते आवडे. हातात तीर्थाची पळी आणि कपाळी ठसठशीत ठिपका, लोक वाकून हात पुढे करताहेत, यात अर्जदारास फार मोठेपणा वाटे. घरी हळद खलण्याचा कंटाळा म्हणून त्याने बाजारातली तयार अक्षतेची पूड आणली. तिचा रंग घरच्यापेक्षा चढा होता, आणि तेवढ्यावरच तो खूश होता.

६. काही दिवसांत ठिपक्याखाली खाज सुटली. मग कातडी लाल झाली, बारीक पुरळ आले, खपली धरू लागली. कोणीही शहाणा माणूस पूड बंद करता. अर्जदाराने तसे केले नाही, कारण कोऱ्या कपाळाने तीर्थ कसे द्यावे. त्याने घरातले औषध शोधले. आता पुढचे वाक्य लिहिण्यापूर्वी अर्जदार दोनदा उठून पाणी पिऊन आला आहे. त्याची पत्नी रंजनी हिच्या डाव्या पायाच्या घोट्याजवळ जाड, काळपट, खाजरा चट्टा होता. त्यासाठी एग्मोरच्या त्वचारोगाच्या डॉक्टरांनी तिला एक मलम लिहून दिले होते. मलम जबरदस्त होते. ते लावून तिचा चट्टा उतरला होता. तीच ट्यूब अर्जदाराने उचलली आणि कपाळाला लावली.

७. महोदय, पायाचे औषध. ते रंजनीच्या घोट्यावर फिरलेले, न्हाणीघराच्या कोनाड्यात पायपुसण्याच्या वर ठेवलेले. ते अर्जदार रोज स्नान झाल्यावर भुवयांच्या मधोमध चोळी, मुरू देई, आणि त्यावर देवाचे गोपीचंदन, त्यावर अंगार, त्यावर अक्षत. आणि त्याच बोटांनी तुळशीचे पान उचलून सभासदांच्या तळहातावर तीर्थ घाली. हे आज जाहीर होताच कोणी आपला तळहात धुवून येईल तर अर्जदाराची तक्रार नाही.

८. मलमाने जादू केली हेही सांगितले पाहिजे. दोन दिवसांत खाज गेली. कातडी अशी उजळली की ठिपका त्यावर उठून दिसे. ट्यूब संपली तेव्हा अर्जदाराने कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून दुसरी आणली, मग तिसरी. दुकानदाराने डॉक्टरांची चिठ्ठी मागितली नाही आणि अर्जदाराने दाखवली नाही. दोघांनाही ते सोयीचे होते. रंजनी विचारी, माझी ट्यूब लवकर कशी संपते. अर्जदार म्हणे, उन्हाने आत सुकत असेल. तीस वर्षांच्या संसारात त्याने बायकोला मारलेली एकच थाप ती ही, आणि तीही मलमावरून.

९. मग अप्पा गेले. अर्जदाराने डोके भादरले, कपाळ मोकळे झाले. सुतकात अक्षत नाही, म्हणून खालचे मलमही नाही. इतके दिवस रोज चोपडलेले औषध एकाएकी बंद झाले आणि कातडी चवताळली. जिथे ठिपका असे, नेमका तिथेच तांबडाभडक, गोल, सुपारीएवढा डाग उठला. आत आग होई. भादरलेल्या डोक्याखाली तो ठिपका रस्त्यापलीकडून दिसे. समाचारास येणारा प्रत्येक माणूस आधी अर्जदाराच्या कपाळाकडे पाही आणि मग जमिनीकडे. अर्जदाराने तो साबणाने घासला, लिंबाने घासला, नारळाच्या शेंडीने घासला. डाग आणखी चढला.

१०. दहाव्या दिवशी अक्का, म्हणजे वसंताबाई, आली. अप्पांची ती लाडकी. ती दारातच थांबली, अर्जदाराच्या कपाळाकडे बघत राहिली. तिने त्यास काही विचारले नाही. आत जाऊन रंजनीला म्हणाली की अप्पांची राख अजून निवली नाही आणि हा अक्षत लावून बसलाय, पोटभर जेवून. हे अर्जदाराने भिंतीआडून ऐकले. त्या वेळी तो चार पावले चालून आत गेला असता आणि म्हणाला असता की अक्का, हा ठिपका नव्हे, मी तुझ्या भावजयीच्या पायाचे मलम कपाळाला लावत होतो, त्याचे हे फळ आहे, तर अक्काने दोन शिव्या हासडल्या असत्या आणि प्रकरण मिटले असते. पण दिवाणखाना माणसांनी भरलेला. बापाच्या सुतकात जेवणारा मुलगा म्हणवून घेणे अर्जदारास परवडले. पायाचे औषध देवाच्या मुद्रेखाली लावणारा म्हणवून घेणे परवडले नाही. यातली कोणती लाज मोठी हे तेव्हा त्यास कळले नाही. आता कळते आणि त्याने काही उपयोग नाही.

११. सुतक फिटताच अर्जदाराने मलम पुन्हा सुरू केले, कारण ते लावले की आग निवे. लावले की बरे, सोडले की पेटले. त्याला वाटे रोग हट्टी आहे. एकादशीला अक्षत नसल्याने झाकायला काही नसे आणि कातडीची लाली उघडी पडे. यानंतर सभेत काय काय झाले ते आपणास ठाऊक आहे, तरी नोंद राहावी म्हणून लिहितो. कोणी सांगितले की राघोत्तमराव एकादशीला एग्मोर स्टेशनच्या उपाहारगृहात दिसले. तो दिसला हे खरे, तो भाच्याला गाडीत बसवायला गेला होता आणि डबा भाच्याच्या हातात होता. कोणी जवळ येऊन त्याच्या हाताचा वास घेतला. कोणी काळजीच्या सुरात म्हणाले की उपास झेपत नसेल तर दूध घ्यावे, लपून कशाला. अर्जदाराने डागावर चिकटपट्टी लावली तर सगळ्यांनी विचारले, पडलात का. रंजनीची पावडर लावली तर ठिपका गुलाबी दिसू लागला आणि सभेतल्या एका वडीलधाऱ्यांनी ही कोणत्या मठाची रीत असे विचारले. चैत्राच्या उन्हात कानटोपी घालून आला तर वॉचमनने अडवले.

१२. शेवटी अर्जदाराने आपणापुढे प्रस्ताव ठेवला की पुढच्या एकादशीला तो सभागृहाच्या मध्यावर खुर्ची टाकून सूर्योदयापासून सर्वांदेखत बसेल, पाण्याचा थेंब घेणार नाही, मग कपाळ तपासावे. आपण परवानगी दिलीत. अर्जदार बसला. पंखा त्या दिवशी चालत नव्हता. चेन्नैचा उकाडा, अंगातून घामाच्या धारा, आणि तापलेल्या कातडीवर ठिपका तासातासाने चढत गेला. दुपारी तो सकाळच्यापेक्षा लाल होता, संध्याकाळी दुपारच्यापेक्षा. समितीने विचारविनिमय करून असा निष्कर्ष काढला की अर्जदार उपाशी असावा, परंतु प्रसाधनगृहात जाऊन त्याने अक्षत पुन्हा लावली असावी. उपाशी माणूस जेवल्याची खूण मुद्दाम का लावील हे कोणी विचारले नाही. नंतर "विश्रांती"चे पत्र आले. पत्रातली भाषा सौजन्याची आहे आणि अर्जदार त्याबद्दल आभारी आहे.

१३. अक्षतेच्या जागी पुवाची पुटकुळी उठली आणि कातडीखालच्या रक्ताच्या बारीक तांबड्या रेघा कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसू लागल्या, तेव्हा रंजनीने अर्जदारास ओढत एग्मोरच्या त्याच डॉक्टरीणबाईंकडे नेले. बाईंनी भिंग लावून पाहिले आणि काय लावता म्हणून विचारले. अर्जदार म्हणाला, काही नाही. मग म्हणाला, चंदन. रंजनीने पिशवीतून ट्यूब काढून टेबलावर ठेवली. तिला सगळे कधीपासून ठाऊक होते हे अर्जदाराने तिला अजून विचारलेले नाही.

१४. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. त्यांनी जे तमिळमध्ये समजावले ते असे. हे स्टिरॉइडचे मलम आहे. औषध वाईट नाही. खाज, सूज, लाली यांना ते उतारा आहे, आणि रंजनीच्या पायाला त्यानेच गुण आला. पण त्याच्या ताकदीच्या पायऱ्या आहेत. पायाची कातडी जाड, तिला वरच्या पायरीचे चालते, तेही ठरलेल्या मुदतीपुरते. चेहऱ्याची कातडी पातळ. तिथे लागलेच तर अगदी सौम्य, थोडे दिवस, आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. एकाचे औषध दुसऱ्याने लावू नये. ट्यूबमधून बोटाच्या शेवटच्या पेरावर निघते तेवढे मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते, आणि अर्जदार तेवढे नखाएवढ्या जागेत जिरवत होता. जोरदार औषध पातळ कातडीला महिनोनमहिने लावले की ती आणखी पातळ होते, रक्तवाहिन्या उघड्या पडतात, आणि औषध थांबवताच लाली उसळते. माणूस तिलाच रोग समजतो, पुन्हा औषध लावतो, आणि त्यातच फिरत राहतो. आणि ज्या पुडीमुळे हे सुरू झाले ती पूड तर कोणी बंदच केली नव्हती. बाईंनी पाठीवर पट्टी चिकटवून ती पूड तपासली. दोष पुडीत निघाला. जे मूळ कारण ते रोज वरून लावायचे आणि खालून औषधाने दाबायचे, असा अर्जदाराचा कारभार चालला होता. भांडारपालाला हे शोभत नाही.

१५. उपाय असा ठरला की जोरदार मलम बाईंच्या सांगण्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने उतरवून बंद करायचे, आणि कपाळाला गोपीचंदनासकट काही म्हणजे काही लावायचे नाही, निदान दिवाळीपर्यंत. लाली सावकाश उतरेल. मधूनमधून उसळेल, तेव्हा भिऊन जुन्या ट्यूबकडे हात जाऊ नये. बारीक रेघा पुसल्या जातील याची हमी बाईंनी दिलेली नाही.

१६. येथवर जे झाले ते अर्जदाराच्या एकट्याच्या कपाळाचे होते आणि तो गप्प राहिला असता. कदाचित श्राद्धाच्या दिवशी आजारी पडण्याचा बहाणाही त्याने केला असता. पण पुढे जे झाले ते त्याच्या कपाळापुरते राहिले नाही. अक्काची लेक शरण्या आणि तिची चार वर्षांची मुलगी नंदिता यांना आपण ओळखता. नंदिताला जन्मापासून इसबाचा त्रास आहे. कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत खाजवून खाजवून कातडी फुटते. तिच्या डॉक्टरांनी तिला एक सौम्य मलम दिले होते, उसळले की थोडे दिवस, पातळ थर, बाकी वेळ नुसते कातडी मऊ ठेवणारे साधे मलम. शरण्या ते नेमाने करी आणि मुलगी छान होती.

१७. अर्जदार एग्मोरहून घरी आला तो घाबरलेला. बाईंनी सांगितलेले निम्मे त्याच्या कानात शिरले होते, स्टिरॉइड हा एकच शब्द घुमत होता. अक्का त्याचा फोन घेत नाही, शरण्या घेते. त्याने शरण्याला फोन करून सांगितले की नंदिताचे मलम स्टिरॉइड आहे, आत्ताच्या आत्ता फेक, मुलीच्या अंगाला लावू नकोस, मामा सांगतो आहे. तिने कारण विचारले. कारण सांगायचे तर कपाळ आले, घोटा आला, सगळेच आले. अर्जदार म्हणाला, कारण विचारू नकोस. शरण्या मामाला शिकलेला मानते. तिने ट्यूब फेकली, आणि अक्कानेही मान हलवली म्हणतात, कारण औषधाचे वेड तिलाही नाही.

१८. नंदिता आता बालवर्गात जात नाही. कोपरे फुटून त्यांतून पाणी येते, रात्री हातांत मोजे घालून निजवावे लागते. अर्जदार पुढच्या खेपेस एग्मोरला गेला तेव्हा त्याने भीत भीत हे विचारले. बाई म्हणाल्या की मुलीचे मलम योग्य होते, सौम्य होते, आई नीट लावत होती, आणि भलत्या भीतीने ते तोडणे हे भलत्या हौसेने ते चोपडण्याइतकेच चूक आहे, तिच्या डॉक्टरांना ताबडतोब दाखवा. अर्जदाराने लगेच शरण्याला फोन केला. ती म्हणाली, मामा, आधी फेक म्हणालास, आता आण म्हणतोस, कशामुळे ते सांगत नाहीस, मी कशावर विश्वास ठेवू. अर्जदार म्हणाला, डॉक्टरांना दाखव, बस. मागून नंदिताच्या रडण्याचा आवाज येत होता. अर्जदाराने फोन ठेवला. आयुष्यात त्यास इतकी लाज कधी वाटली नव्हती.

१९. म्हणून हा अर्ज. श्राद्धाच्या परवानगीसाठी चार ओळी पुरल्या असत्या, हे अर्जदारही जाणतो. बाकीचे सगळे शरण्याने ऐकावे म्हणून लिहिले आहे. समितीच्या रविवारच्या बैठकीला ती आईला सोडायला येते आणि मागच्या बाकावर बसते. तिने ऐकावे आणि सोमवारी मुलीला तिच्या डॉक्टरांकडे न्यावे.

२०. आणखी एक गोष्ट, जी कोणासच ठाऊक नाही. अप्पा इस्पितळात होते तेव्हा दिवसा अर्जदार त्यांच्यापाशी बसे आणि संध्याकाळी अक्का येई. शेवटी शेवटी अप्पांना माणसे ओळखू येत नव्हती. अर्जदाराचे नावही गेले होते. पण सकाळी तो खाटेशी वाकला की त्यांची नजर त्याच्या कपाळावर जाई, ठिपका दिसे, आणि ते पुटपुटत, जेवलास, बरं झालं. मग डोळे मिटून शांत पडत. वास्तविक त्या दिवसांत अर्जदार पूजा उरकून तसाच पळत येई, आणि दुपार टळेपर्यंत त्याच्या पोटात कॉफीपलीकडे काही नसे. जेवणाआधीच अक्षत लावणे, तेव्हाही आणि तीर्थ देतानाही, हाही दोषच, तोही येथे नोंदवावा. अर्जदाराने अप्पांना एकदाही सांगितले नाही की मी जेवलेलो नाही. सभेने हाच ठिपका पाहून हाच अर्थ काढला. अप्पांना मात्र त्यात आपला मुलगा उपाशी नाही एवढेच दिसले. अक्काला हे अर्जदाराने सांगायला हवे होते. दहाव्या दिवशीच सांगायला हवे होते.

२१. येथवर लिहून झाल्यावर अर्जदाराने अर्ज पुन्हा वाचला. परिच्छेद ३ मधील विनंती तो थोडी बदलत आहे. हा अर्ज वसंताबाईंनी वाचू नये हे खरेच, पण आपणही अक्षर जुळवत बसू नये. रविवारी अर्जदार स्वतः येईल. चिकटपट्टी नाही, पावडर नाही, टोपी नाही. आतल्या सभागृहात बसण्याचा त्याला अधिकार नसल्याने तो दारात, चपला काढतात तिथे, उभा राहील आणि सगळे मोठ्याने वाचील. परिच्छेद ७ सुद्धा वाचील. मध्ये आवाज अडखळला तर समितीने थांबावे एवढी सवलत असावी.

२२. तरी वर्षश्राद्धाच्या दिवशी कोऱ्या कपाळाने बसण्याची परवानगी द्यावी. तीर्थ देण्याचे काम परत मागत नाही, ते दुसऱ्या कोणाकडे असावे हेच योग्य. आणि सभेमार्फत अक्काला एक निरोप कळवावा. श्राद्धाचे पान वाढले जाईल तेव्हा अर्जदाराच्या कपाळावर काही असणार नाही, आणि यापुढे बरेच दिवस असणार नाही. तो जेवला की नाही हे आता कपाळ पाहून कोणास कळायचे नाही. ते तोंडाने विचारावे लागेल. काळजीने पाहणारे अप्पा होते, ते गेले. अक्काने यावे, आणि विचारावे.

आपला नम्र आणि पुष्कळसा ओशाळलेला,

(सही)
टी. व्ही. राघोत्तमराव

सोबत :
१. एग्मोरच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र, इंग्रजीत. त्यात कपाळ हा शब्द दोनदा आला आहे, घोटा हा शब्द नाही. बाईंनी दया केली आहे.
२. बाजारातल्या अक्षतेच्या पुडीचा नमुना, कागदात बांधून. सभेत कोणी हीच वापरत असेल आणि कपाळाला खाज येत असेल, तर त्याने पूड बंद करून डॉक्टरांकडे जावे.
३. मलमाची ट्यूब जोडलेली नाही. ती रंजनीच्या पायाची आहे, आणि डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे तिच्या पायाला ती अजून अधूनमधून लागते.